शंकरपाळ्यांच्या डब्यातली चिठ्ठी

प्रकाश उजागरेनं त्या रविवारी कोट घातला, आणि तो कोट बघूनच निम्म्या मंडळीला कळलं की गडी आज वडील व्हायच्या तयारीनं आलाय. जूनचा गारठा, टेकडीवरून येणारं बोचरं वारं, सगळं खरं. पण मग पँटला कडक इस्त्री कशाला हो? आणि मिशीला कात्री? एरवी हा माणूस ऑकलंडच्या हिवाळ्यातसुद्धा जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून दूध आणायला डेअरीत जाणारा!

हिल्सबरोतल्या एका शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये आमची मराठी मंडळी दर रविवारी उपासनेला जमते. नगरची, जालन्याची, पुण्याची, अशी चाळीसेक घरं. पगारी पाळक, म्हणजे पाद्री, नाही. कारभार बारा वडिलांच्या हातात. वडील म्हणजे वयानं नव्हे, मानानं. आणि मानाबरोबर काम आलंच. मंडळीचा एक जुना मोबाइल आहे, तो प्रत्येक वडिलाकडे वर्षातून एक महिना असतो. कुणाचं गावाकडचं माणूस गेलं, कुणाची नोकरी सुटली, कुणाच्या घरात भांडीकुंडी आपटायला लागली, की त्या फोनवर फोन करायचा. ऐकणाऱ्यानं ऐकायचं, धावायचं, आणि तोंडाला कुलूप लावायचं. नियम एवढाच. लिहून ठेवलेला नाही, पण सगळ्यांना पाठ.

चौदा वर्षांपूर्वी डॉक्टर शिरीषभाऊंच्या गॅरेजमध्ये ही मंडळी सुरू झाली, तेव्हा तिथं तेवीस माणसं होती. प्रकाश त्यात होता. खुर्च्या त्यानंच आणल्या, त्यानंच मांडल्या. मग शिरीषभाऊ म्हणाले, शकुमावशीचं विमान येतंय, कोण जाणार? प्रकाश गेला. विमान तीन तास उशिरा. हा मावशीला आणि तिच्या लोणच्याच्या बरण्यांना घेऊन परत येतो, तर बारा वडील निवडूनसुद्धा झालेले! त्या दिवसापासून प्रकाश उजागरे खुर्च्या मांडतोय. चौदा वर्षं. तोंडानं कधी बोलला नाही, पण दर रविवारी त्या बारा खुर्च्यांची रांग लावताना त्याचं मन खट्टू व्हायचं. बारा खुर्च्या मांडायच्या आणि आपण तेराव्या जागी जाऊन बसायचं, हे काय सोपं असतं का?

आणि आता एक खुर्ची रिकामी झाली होती.

ती कशी झाली ते सांगायलाच हवं, कारण तशी चूक फक्त आमच्याच लोकांच्या हातून होऊ शकते. आमच्यात एक नर्स आहे, अनुया. शिकायला आली आणि इथलीच झाली. तिनं नवऱ्याचं हॅमिल्टनचं घर सोडलं. हात उगारायचा तो. राहायला खोली हवी म्हणून तिनं मंडळीच्या फोनवर फोन केला. महिना प्रसाद रणपिसेचा. प्रसादनं खोली शोधून दिली, अगदी स्वतःच्या गाडीतून सामान नेलं. माणूस वाईट नाही हो! पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला कणव अनावर झाली, आणि त्यानं व्हॉट्सॲपच्या प्रार्थना साखळीवर लिहिलं: ‘भगिनी अनुयाच्या मोडत्या संसारासाठी सर्वांनी कळकळीनं प्रार्थना करावी.’ खाली तपशील. साखळीत दोनशे चौदा माणसं, त्यातली निम्मी भारतात, आणि त्यात अनुयाच्या सासूची सख्खी बहीण. जालन्यात लोक उठून तोंड धुतात न धुतात तोच गावभर झालं. पुढच्या रविवारी अनुयाच्या आईला चर्चच्या दारात सासरच्यांनी नाही नाही ते ऐकवलं. त्या माउलीनं तेव्हापासून चर्चची पायरी चढलेली नाही.

प्रभूला पकडून देणाऱ्या यहूदानं निदान तीस नाणी तरी घेतली होती. आमच्या प्रसादनं फुकटात केलं, आणि वर हात जोडल्याची तीन चित्रं टाकली.

त्याला कळलं तेव्हा तो सगळ्यांसमोर उभा राहिला, फोन टेबलावर ठेवला, ‘मी पडलो’ एवढंच म्हणाला, आणि महिन्याभरात पोरिरुआला मुलीकडे राहायला गेला. राहिले अकरा.

तर आता तो रविवार. पन्नासाव्या दिवसाचा सण, पेंटेकॉस्ट, पुढच्या आठवड्यात. शिरीषभाऊ उठले. सत्तरी ओलांडलेले, आवाज अजून वॉर्डात राउंड घेतल्यासारखा.

“यहूदा पडला तेव्हाही प्रभूचे शिष्य अकराच राहिले होते,” ते म्हणाले. “पेत्र उठला आणि म्हणाला, जो पहिल्या दिवसापासून आपल्याबरोबर आहे असा माणूस हवा. नावं दोन निघाली. एक मत्थिया, एक योसेफ बर्सबा. प्रार्थना केली, चिठ्ठ्या टाकल्या. मत्थियाची निघाली. आपण तसंच करू. भांडण नको, मतदान नको. पहिलं नाव मी देतो. प्रकाश उजागरे.”

टाळ्या पडल्या. प्रकाशनं मान खाली घातली, पण ती खाली घालताना सगळ्यांना दिसेल अशी घातली. मनात म्हणाला, चला, आलं एकदाचं. दुसरं नाव काय, रीत म्हणून कुणाचं तरी येईल.

“दुसरं नाव?” शिरीषभाऊंनी विचारलं.

मागून अनुया उठली. साखळीच्या भानगडीनंतर ती पहिल्यांदाच सगळ्यांसमोर तोंड उघडत होती.

“सहा महिन्यांपूर्वी मी एका व्यक्तीला सगळं सांगितलं होतं,” ती म्हणाली. “फोन करायच्या कितीतरी आधी. दर गुरुवारी भेटायचो आम्ही. रडायचे मी, ती ऐकायची. तुम्हाला माझं जे काही माहीत आहे, ते प्रसादकाकांमुळे. तिच्या तोंडून एक शब्द गेला असेल तर उभं राहून सांगा.” ती थांबली. कुणी उभं राहिलं नाही. “विभावरीमावशी. तीही गॅरेजपासून आहे.”

प्रकाशची मान गर्रकन वळली. मागे स्वयंपाकघराच्या दारात त्याची बायको उभी होती, हातात चहाचं गाळणं. चौदा वर्षं तिचं ठाणं तिथंच. गुरुवार! गुरुवारी ही वॉकला जाते! दोन दोन तास. आणि आपण तिला म्हणत आलो, अगं बाई, गुडघे झिजतील तुझे.

“बाई?” अकरांपैकी अक्षत आढाव म्हणाला. “म्हणजे माझं काही नाही, आय मीन, स्वीट ॲज, छानच. पण वडील बाई कशी?”

बारांत आजवर बाई नव्हती, हे खरं. नियम नव्हता, सवय होती.

पुढच्या रांगेतून शकुमावशीनं काठी आपटली. वय ब्याऐंशी. “काय रे अक्षत, प्रभू कबरेतून उठला ही बातमी पहिल्यांदा कुणाला कळली? बायांनाच ना? आणि त्यांनी ती ज्यांना सांगायची त्यांनाच सांगितली. साखळीवर टाकली नाही.”

हॉल खो खो हसला. अक्षतही हसला आणि खाली बसला.

“माझं नाव काढा,” विभावरी दारातूनच म्हणाली. “यांचं आहे की. एका घरातली दोन कशाला?”

आता इथं प्रकाशनं गप्प बसायचं होतं. बसला असता तर खुर्ची त्याचीच होती. पण कोट घातलेल्या माणसाला गप्प बसवतं का कधी? बायको बाजूला झाली म्हणून मिळाली, असं उद्या कुणी म्हटलं तर? तो उठला, कोटाचं बटण लावलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “राहू दे नाव. देव बघून घेईल.”

घ्या! स्वतःच्या हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतला, आणि वर ऐटीत खाली बसला.

शिरीषभाऊंनी एकाच कागदाचे दोन तुकडे केले, दोन नावं लिहिली, घड्या घातल्या. पेटी नव्हती, म्हणून विभावरीनं आणलेला शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा रिकामा केला आणि चिठ्ठ्या त्यात टाकल्या. प्रार्थना झाली. प्रकाशनं डोळे मिटले होते, पण प्रार्थना कसली, नुसता ‘प्रभू, चौदा वर्षं, प्रभू, चौदा वर्षं’ एवढाच जप चालला होता. शकुमावशीनं डब्यात हात घातला, एक चिठ्ठी काढली, उलगडली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

“चष्मा घरी राहिला,” ती म्हणाली. “आणि हे डॉक्टरचं अक्षर. ब्रह्मदेवालाही वाचता यायचं नाही. प्रकाश, तूच वाच बाबा. तुझा धंदाच आहे.”

आणि तो होताच. प्रकाश फार्मसिस्ट. नगरला बारा वर्षं आणि इथं तेवीस. शिरीषभाऊंचं अक्षर, ती मुंग्या चालल्यासारखी रेघ, मंडळीत एकट्या त्यालाच लागायची. भाऊंची किती तरी प्रिस्क्रिप्शनं त्यानं आयुष्यात वाचली होती.

त्यानं चिठ्ठी हातात घेतली. वाचली.

त्याचं नाव नव्हतं.

लाज वाटली, राग आला, सगळं एकदम. आणि त्या सगळ्याच्या मागून एक हलकट विचार डोकावला: हे गिचमिड कुणाला लागतंय? मी ‘प्रकाश’ म्हटलं तर ‘प्रकाश’. भाऊ तिकडे माइकशी खटपट करतायत. चिठ्ठी कोटाच्या खिशात. झालं.

तो कागदाकडे बघत राहिला. पस्तीस वर्षं त्यानं नाव वाचून औषध दिलं होतं. पाकिटावरचं नाव एकदा वाचायचं, पुन्हा वाचायचं, मगच हाक मारायची. घाई असो, रांग असो, ताप असो. एका माणसाचं औषध दुसऱ्याच्या हातात त्यानं आयुष्यात कधी पडू दिलं नव्हतं. ज्याच्या नावाचं त्यालाच. त्या एका गोष्टीचा त्याला खुर्चीपेक्षाही मोठा अभिमान होता, हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

त्यानं नाव पुन्हा वाचलं. मग उभा राहिला आणि काउंटरवरून हाक मारतो तशा खणखणीत आवाजात म्हणाला, “विभावरी उजागरे!”

आणि औषध देण्याआधी नावामागून पत्ता विचारायची जन्माची सवय ती, हाकेपाठोपाठ तोंडातून निघून गेलं, “पत्ता?”

“तुमचाच!” दारातून विभावरी म्हणाली, आणि मग काय झालंय ते तिच्या लक्षात आलं. गाळणं हातातच राहिलं. हॉल हसत होता, टाळ्या वाजवत होता, अनुया रडत होती. शिरीषभाऊंनी दुसरी चिठ्ठी उघडून सगळ्यांना दाखवली, मग टेबलावरचा तो जुना फोन उचलून विभावरीच्या हातात दिला. प्रसादच्या जागी आता फोनची पाळी तिची. अकरा जण तिला प्रार्थनेसाठी आतल्या खोलीत घेऊन गेले आणि दार बंद झालं.

इकडे मंडळी चहाची वाट बघत उभी, आणि चहा करणारी आत! प्रकाश थोडा वेळ रिकाम्या स्टीलच्या डब्याकडे बघत बसला. मग उठला, कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि स्वयंपाकघरात गेला. पाठोपाठ अनुया आली.

“काका, रागावलात?”

“रागावलोय,” प्रकाश म्हणाला. “साखर कुठे असते ते सांग आधी.”

तिनं डबा काढून दिला. तो चमच्यानं मोजत राहिला, विसरला, पुन्हा मोजू लागला. “तो बर्सबा,” तो मधेच म्हणाला. “ज्याची चिठ्ठी निघाली नाही. इतकी वर्षं ऐकतोय ही गोष्ट, कधी लक्षातच आलं नाही माझ्या. त्याचं पुढे काय झालं, कुणी लिहूनच ठेवलं नाही.”

“काय झालं असेल?”

“काय होणार? आला असेल दुसऱ्या दिवशी. कामं का थोडी असतात.” त्यानं चहा ढवळला. चहा पाकासारखा गोड झाला होता. लोकांनी तो प्यायला, तोंडं वाकडी केली, आणि दुसऱ्यांदा मागितला नाही.

घरी जाताना गाडीत, माउंट रॉस्किलच्या सिग्नलला विभावरी म्हणाली, “तुम्ही थांबलात.”

“कुठे?”

“चिठ्ठी वाचताना. तीन श्वास.”

“दोन,” प्रकाश म्हणाला. सिग्नल हिरवा झाला. गाडी पुढे काढून तो म्हणाला, “मनात आलं, एवढं घाण अक्षर, कुणाला कळलं असतं?”

“मग?”

“मग, मला कळलं असतं की.”

“मलाही,” विभावरी म्हणाली. “तुमचं तोंड वाचायला मला कुठला चष्मा लागतो?”

पण राग गेला नव्हता हं त्याचा. खुर्चीचा गेला, गुरुवारचा राहिला. दोन दिवस धुमसत होता. मंगळवारी संध्याकाळी जेवायला बसताना त्यानं विचारलंच, “सहा महिने. आणि मला, नवऱ्याला, एक शब्द नाही?”

“नाही.”

“का? मी काय साखळीवर टाकणार होतो?”

विभावरीनं वरणाची वाटी त्याच्यापुढे सरकवली. “तुम्ही दुकानातून रोज घरी येता,” ती म्हणाली. “अर्ध्या मंडळीची औषधं तुमच्या हातून जातात. कुणाला शुगर, कुणाला झोपेच्या गोळ्या, कुणाला आणखी काय. तेवीस वर्षांत कधी मला सांगितलंत?”

“ते कसं सांगणार? ते त्यांचं असतं.”

“मग?”

प्रकाशनं घास खाली ठेवला. अरेच्चा! एकाच घरात दोन कुलपं, आणि इतकी वर्षं त्याला वाटत होतं, कुलूप काय ते आपल्याकडेच आहे. त्यानं बायकोकडे बघितलं. स्वेटरच्या बाहीला हळद लागलेली, केस कसेतरी बांधलेले. आणि छातीत असं काही भरून आलं, की बारा खुर्च्या ओळीनं त्याला दिल्या असत्या तरी आलं नसतं. माझी बायको आहे ही, तो मनात म्हणाला. माझी!

तोंडानं काही म्हणणार, तेवढ्यात मंडळीचा फोन वाजला.

विभावरीनं हात धुतले, फोन घेतला. “सलाम. हो, मी विभावरी. बोल बाळा, रडू नकोस, बोल.” बोलत बोलत ती बेडरूममध्ये गेली आणि दार लावून घेतलं. आतून काहीतरी अस्पष्ट ऐकू येत होतं. प्रकाशचे कान आपोआप टवकारले. मग तो उठला, तिचं ताट झाकून ठेवलं, आणि दारापासून सगळ्यात लांबची खुर्ची बघून तिथं जाऊन बसला. स्वतः जेवला मात्र नाही.

आणि नेमका त्याच वेळी त्याचा स्वतःचा मोबाइल वाजला. नगरहून सुलेखाताई, त्याची थोरली बहीण. तिकडे दुपारचे साडेबारा. ही बाई म्हणजे प्रार्थना साखळीचा पहिला दुवा. पडद्यावर आधी कपाळ आलं, मग सगळा चेहरा.

“काय रे प्रकाश, काय ऐकतेय मी? तू राहिलास आणि विभावरीला केलं वडील?”

“बरोबर ऐकलंस.”

“अरेरे! चौदा वर्षं खुर्च्या उचलल्यास. बरं, कुठाय ती?”

“फोनवर आहे.”

“कुणाशी?”

“माहीत नाही.”

“मंडळीचा फोन आहे ना? कुणाचं काय झालं? सांग की, आपण प्रार्थनेत ठेवू.”

“माहीत नाही, ताई.”

“बाई रडतेय का माणूस? एवढं तर ऐकू येत असेल!”

“मी लांब बसलोय.”

सुलेखाताईनं कपाळावर हात मारला. “कसला रे नवरा तू! बायको शेजारच्या खोलीत, आणि तुला काही म्हणजे काही माहीत नाही?”

प्रकाश उजागरे खुर्चीत ताठ बसला. कोट नव्हता, पायात जँडल्स होत्या, समोर गार झालेलं वरण. “ताई,” तो म्हणाला, “आमच्या बारांतल्या एकीचा नवरा आहे मी! मला काहीच माहीत नाही, आणि मरेपर्यंत काही माहीत होणार नाही. लिहून घे.”

हे त्यानं इतक्या मोठ्यानं सांगितलं, की बेडरूमचं दार आतून ठोठावलं गेलं. हळू बोला, म्हणजे.

तो हळू बोलला. पण पुन्हा तेच बोलला.